हूइज लुकअप वारंवार फसतंय? आधी ‘नोंद नाही’ आणि ‘उत्तरच आलं नाही’ वेगळं करा

नागपुरात छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळणाऱ्यांकडे एक तक्रार फिरून फिरून येते. इतवारीतला घाऊक व्यापारी असो, हिंगणा एमआयडीसीतला कारखानदार असो की ताडोब्याच्या वाटेवरचा रिसॉर्टवाला, त्याचं डोमेन बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणीतरी कधीकाळी घेऊन दिलेलं असतं. ते कुठल्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) आहे, मुदत कधी संपते, नोंद कुणाच्या नावावर आहे, हे बघायला आपण हूइज, म्हणजे डोमेनची नोंद विचारायची सेवा, उघडतो. कधी उत्तर येतं ‘नो मॅच’. कधी कर्सर नुसता लुकलुकत राहतो आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’. कधी अर्धवट माहिती येते, कधी तारीख अशी दिसते की ग्राहकाला सांगायचं काय तेच कळत नाही. टूल बदललं की दोन-चार महिने बरं चालतं, मग पुन्हा तेच.

यात टूल बिघडलेलं असणं हे कारण क्वचितच असतं. प्रश्न चुकीच्या दारावर जातो, दारापर्यंत पोचत नाही किंवा दारावरून परत पाठवला जातो, आणि टूल या तिन्ही गोष्टी एकाच ओळीत गुंडाळून ‘माहिती मिळाली नाही’ असं सांगतं. त्या ओळीवर विश्वास ठेवून ग्राहकाला काही सांगितलं तर नुकसान त्याचं होतं. ‘डोमेन मोकळं आहे’ असं ऐकून माणूस दुकानाची पाटी रंगवून घेतो आणि नोंदणी करायला गेल्यावर कळतं की ते नाव कधीचं दुसऱ्याचं आहे. उलटंही घडतं. ‘भाऊ, आमचं डोमेन गेलं म्हणते ना हे’ असा घाबरलेला फोन येतो आणि डोमेन जागच्या जागी असतं.

पहिलं काम: कच्चं उत्तर बघा

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लुकअप साइट उत्तर सजवून दाखवतात, त्यामुळे तपास तिथे करू नका. टर्मिनल उघडा आणि तिथून विचारा. लिनक्सवर सहसा मार्को दित्री यांनी लिहिलेला हूइज क्लायंट, म्हणजे प्रश्न विचारणारा प्रोग्राम, असतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये तोच येतो. त्याला व्हर्बोज पर्याय दिला की तो कुठल्या सर्व्हरला कोणती ओळ पाठवली हे आधी छापतो. निम्मा तपास त्या दोन ओळींतच संपतो. मॅकवर हूइज आधीपासून असतं. विंडोजमध्ये ते मुळात नसतं, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटरनल्स संचातलं वेगळं उतरवून घ्यावं लागतं; पण कर्ल (वेबच्या पत्त्यावरून कच्चं उत्तर आणणारं साधन) विंडोज १० पासून सोबत येतं आणि पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींना तेवढं पुरतं.

सर्व्हरने उत्तर दिलं आणि त्यात ‘नो मॅच’ किंवा ‘नॉट फाउंड’ असं लिहिलंय, तर हे खरं उत्तर आहे. फक्त योग्य सर्व्हरला विचारलं होतं का ते तपासायचं. जोडणीच झाली नाही, तर डोमेनबद्दल आपल्याला अजून काहीही कळलेलं नाही. आणि ‘लिमिट एक्सीडेड’ अशा अर्थाची ओळ आली, तर सर्व्हर जिवंत आहे, आपल्याला मात्र सध्या नकार आहे.

जोडीला डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, त्या डोमेनचे नेमसर्व्हर विचारून घ्या. ते मिळाले तर डोमेन नोंदलेलं आहे, मग हूइज काहीही म्हणो. नाही मिळाले तर मात्र उलटा निष्कर्ष काढू नका. ‘क्लायंट होल्ड’ (रजिस्ट्रारने लावलेली रोक) किंवा ‘सर्व्हर होल्ड’ (रजिस्ट्रीने लावलेली रोक) लागलेलं डोमेन डीएनएसमधून गायब होतं, पण नोंद कायम असते.

जोडणीच होत नाही: पोर्ट ४३

हूइज हा फार जुना आणि फार साधा प्रोटोकॉल आहे. त्याचं पहिलं कागदोपत्री रूप १९८२ चं, आरएफसी ८१२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज). आज जो मानला जातो तो २००४ चा आरएफसी ३९१२. टीसीपी पोर्ट ४३ वर जोडणी करायची, एक ओळ पाठवायची, सर्व्हर मजकूर पाठवतो आणि जोडणी तोडतो. एवढंच. एन्क्रिप्शन नाही, उत्तराचा ठरलेला साचा नाही, चूक कळवायचे कोड नाहीत.

कॉलेजांच्या, मोठ्या कार्यालयांच्या आणि कोवर्किंग जागांच्या फायरवॉलमधून बाहेर जायला बऱ्याचदा ८० आणि ४४३ एवढीच पोर्ट मोकळी ठेवतात. ४३ ची गरज कुणाला पडते, म्हणून ते बंद. त्यामुळे एकच लॅपटॉप सीताबर्डीतल्या ऑफिसात टाइम आउट देतो आणि घरी गेल्यावर नीट चालतो. ‘कधी चालतं, कधी नाही’ अशा तक्रारींमागे बरेचदा एवढंच असतं.

तपासायला नेटकॅट किंवा टेलनेट हे जोडणी करून बघायचं साधन घ्या आणि आयानाच्या (सगळ्या एक्स्टेन्शनची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) हूइज सर्व्हरला पोर्ट ४३ वर जोडून बघा. बराच वेळ शांतता आणि मग टाइम आउट, म्हणजे वाटेत कुणीतरी आपला प्रश्न गिळतंय. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, म्हणजे बहुतेक वेळा समोरची सेवाच त्या पोर्टवर चालू नाही. मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तीच जोडणी पुन्हा करा. तिथे चालली तर दोष ऑफिसच्या नेटवर्कचा. नेटवर्क सांभाळणाऱ्याला ४३ उघडायला सांगता येतं, पण माझ्या मते तो वेळ वाया जातो. त्यापेक्षा आरडॅपवर, म्हणजे हूइजच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवर, जा. ते ४४३ वरूनच चालतं, कुणाची परवानगी लागत नाही.

सर्व्हर हलला किंवा बंद झाला, टूलला पत्ता नाही

वारंवार उद्भवणाऱ्या त्रासाचं हे सगळ्यात मोठं कारण. हूइजमध्ये ‘या एक्स्टेन्शनचा (डॉट कॉम, डॉट इन अशा शेवटच्या तुकड्याचा) सर्व्हर कोणता’ हे शोधायची ठरलेली पद्धत कधी नव्हतीच. प्रत्येक टूल आपल्या पोटात एक यादी घेऊन फिरतं. यादी बनवली त्या दिवशी ती बरोबर असते, मग शिळी होत जाते.

आपल्याला रोज लागणारं डॉट इनच घ्या. रजिस्ट्री, म्हणजे त्या एक्स्टेन्शनची मुख्य नोंदवही, निक्सी या भारतीय संस्थेची आहे, पण तांत्रिक काम बाहेरच्या कंपनीकडे असतं. २०१९ मध्ये ते अफिलियासकडून न्यूस्टारकडे गेलं. न्यूस्टारचा तो व्यवसाय २०२० मध्ये गोडॅडीने घेतला. २०२५ मध्ये काम तुकाउजकडे आलं. अशा बदलांत सर्व्हरचं नावही बदलतं. कुठल्याशा जुन्या उबुंटूवर बसलेला क्लायंट अजूनही मागचाच पत्ता घेऊन बसला असेल, तर डॉट इनची सगळी डोमेन एका दिवसात ‘गायब’ होतात आणि डॉट कॉम मात्र नीट दिसतात. एकाच एक्स्टेन्शनची सगळी नावं फसत असतील, तर आधी हेच तपासा.

त्याहून मोठा बदल २८ जानेवारी २०२५ चा. त्या दिवसापासून डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट शॉप अशा सर्वसाधारण एक्स्टेन्शनच्या रजिस्ट्री आणि रजिस्ट्रारांवरची हूइज चालवण्याची आयकॅनची (डोमेन व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची) सक्ती संपली. आरडॅप देणं मात्र त्यांना २०१९ पासूनच बंधनकारक आहे. काहींनी हूइज चालू ठेवलंय, काहींनी बंद केलंय. म्हणून जे टूल कालपर्यंत चालत होतं ते आज निम्म्या डोमेनवर चालतं आणि निम्म्यांवर नाही. डॉट कॉमच्या बाबतीत याचं एक खास लक्षण दिसतं: रजिस्ट्रीकडचा वरचा भाग येतो, त्यात रजिस्ट्रारच्या हूइज सर्व्हरचं नाव असतं, क्लायंट तिकडे दुसरा प्रश्न घेऊन जातो आणि तिथे अडकतो. वरचा भाग खरा आहे, तो टाकून देऊ नका.

शिळी यादी नुसती गैरसोयीची नसते, धोक्याचीही असते. डॉट मोबीची रजिस्ट्री आपला हूइज सर्व्हर नव्या पत्त्यावर घेऊन गेली आणि जुना पत्ता ज्या डोमेनवर होता त्याची मुदत संपू दिली. वॉचटॉवर या सुरक्षा संशोधन करणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये ते डोमेन २० डॉलरला विकत घेऊन तिथे स्वतःचा सर्व्हर लावला. काही दिवसांत १,३५,००० हून अधिक वेगवेगळ्या यंत्रणांनी त्याला डॉट मोबीबद्दल प्रश्न विचारले; एकूण प्रश्न २५ लाखांच्या घरात. त्यांत सरकारी आणि लष्करी मेल सर्व्हर होते, सुरक्षेची साधनं होती, एसएसएल प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थाही होत्या. हेतू वाईट असता तर त्या सगळ्यांना हवं ते खोटं उत्तर देता आलं असतं, कारण हूइजमध्ये सर्व्हर खरा की तोतया हे ओळखायची सोयच नाही.

उपाय सोपा आहे. सर्व्हरचा पत्ता दर वेळी आयानाला विचारा. दित्रींच्या क्लायंटला वजाचं चिन्ह आणि कॅपिटल आय हा पर्याय दिला की तो आधी आयानाकडे जातो आणि तिथून मिळालेल्या सर्व्हरला विचारतो. मॅकवरचा क्लायंट मुळातच असं करतो. जोडीला पॅकेज अद्ययावत ठेवा.

आणि एक जागा हमखास बघा: ईटीसी फोल्डरमधली हूइज डॉट कॉन्फ. कधीतरी एखादं एक्स्टेन्शन अडलं म्हणून कुणीतरी तिथे हाताने एक ओळ घातलेली असते. क्लायंट आधी ती फाइल वाचतो आणि मग पोटातली यादी. पुढे सर्व्हर पुन्हा हलतो, आपण पॅकेज अपडेट करतो, तरी त्रास तसाच राहतो, कारण ती जुनी ओळ नव्या यादीला वर येऊच देत नाही. दुसऱ्याकडून सर्व्हर ताब्यात घेतला असेल तर ही फाइल पहिल्या दिवशीच उघडून बघावी.

आरडॅपवर गेल्यावरही ‘सापडलं नाही’

आरडॅप हा हूइजचा वारस. २०१५ मध्ये आरएफसी आले, २०२१ मध्ये सुधारून पुन्हा आले. प्रश्न एचटीटीपीएसने जातो, उत्तर जेसनमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात येतं. सर्व्हर शोधायची ठरलेली पद्धत आहे: आयाना एक फाइल प्रसिद्ध करते, तिच्यात कुठल्या एक्स्टेन्शनचा आरडॅप सर्व्हर कुठे आहे ते लिहिलेलं असतं. टूलने ती फाइल ताजी ठेवायची, पोटात बांधून घ्यायची नाही. तुमचं टूल तसं करतं का ते नक्की बघा. नाहीतर हूइजचीच जुनी दुखणी इथेही सुरू होतात.

इथे उत्तराचा कोड वाचायची सवय लावा. २०० म्हणजे नोंद मिळाली. ४०४ म्हणजे या सर्व्हरकडे नोंद नाही. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत, थांबा. ३०१, ३०२ किंवा ३०७ आला तर सर्व्हर दुसरीकडे पाठवतोय. कर्ल वापरत असाल तर त्याला त्या नव्या पत्त्यावर जायचा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर रिकामं उत्तर हातात येतं आणि माणूस समजतो की डोमेनच नाही.

४०४ वर जरा थांबावं लागतं. आरडॅप डॉट ऑर्ग नावाची एक सोयीची सेवा आहे. तिला कुठलंही डोमेन द्या, ती योग्य सर्व्हरकडे वळवते. पण त्या एक्स्टेन्शनचा सर्व्हर तिला माहीतच नसेल तरी ती ४०४ देते. देशांच्या एक्स्टेन्शनवर आयकॅनची सक्ती चालत नाही, त्यामुळे आयानाच्या फाइलमध्ये सगळे देश नाहीत. म्हणजे एक ४०४ रजिस्ट्रीने दिलेला, ‘असं डोमेन नोंदलेलं नाही’ असं सांगणारा. आणि दुसरा मध्येच कुणीतरी दिलेला, ‘कुणाला विचारायचं ते मला ठाऊक नाही’ असं सांगणारा. दोन्हींचा आकडा एकच. कुठल्या पत्त्यावरून ४०४ आला ते न बघता त्यावर निर्णय घेणारी स्क्रिप्ट कधी ना कधी फसवणारच.

रजिस्ट्रीचा खरा ४०४ असला तरी ग्राहकाला ‘मोकळं आहे’ म्हणू नका. काही नावं रजिस्ट्रीने राखून ठेवलेली असतात, काहींना प्रीमियम दर असतो. नाव घेता येतं की नाही हे रजिस्ट्रारच्या खरेदी पानावरच ठरतं.

तारीख दिसते, पण पटत नाही

ही तक्रार ऐकायला छोटी वाटते, पण डोमेन हातातून जाण्याची वेळ येते ती इथेच. साइट बंद पडलेली असते, मेल येत नसतात. हूइज मात्र म्हणतं, मुदत पुढच्या वर्षीपर्यंत आहे. व्यापारी म्हणतो, ‘तारीख तर पुढची दाखवून राहिलं, मग पैसे कायले भरू?’ त्याचं म्हणणं तर्काला धरूनच आहे.

खरं काय होतं ते एका उदाहरणाने बघू. समजा एखाद्या डॉट कॉमची मुदत १० जून २०२६ ला संपते आणि त्या दिवशी कुणी नूतनीकरण केलं नाही. रजिस्ट्री ते डोमेन आपोआप एका वर्षाने पुढे ढकलते आणि आपल्या नोंदीत १० जून २०२७ लिहून मोकळी होते. हा रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार यांच्यातला आपसातला हिशोब आहे. ४५ दिवसांपर्यंत रजिस्ट्रार ते नाव काढून टाकून रजिस्ट्रीकडून पैसे परत घेऊ शकतो. या काळात रजिस्ट्रीच्या नोंदीत ‘ऑटो रिन्यू पीरियड’ अशी अवस्था दिसते. ग्राहकाचे पैसे मात्र रजिस्ट्रारला मिळालेले नसतात, म्हणून तो नेमसर्व्हर बदलतो किंवा होल्ड लावतो आणि साइट बंद पडते.

म्हणजे पुढच्या वर्षीची तारीख आणि बंद साइट हे दोन्ही एकत्र दिसलं, तर बहुधा नूतनीकरण राहून गेलंय. लगेच अवस्थेची ओळ वाचा. रजिस्ट्रारची स्वतःची नोंद बघा. तिथे ग्राहकाची खरी मुदत वेगळी दिसू शकते. आरडॅपच्या उत्तरात रजिस्ट्रारच्या नोंदीकडे नेणारा दुवा ‘रिलेटेड’ या नावाने दिलेला असतो, तो उघडा. तिथे ‘रजिस्ट्रार एक्स्पिरेशन’ अशी घटना दिली असेल तर ग्राहकाशी बोलताना तीच तारीख धरायची.

४५ दिवस हातात आहेत असं समजून बसू नका, कारण रजिस्ट्रार त्याआधीही नाव काढू शकतो. काढल्यावर ३० दिवस ‘रिडेम्प्शन पीरियड’ असतो. त्यात डोमेन परत मिळतं, पण नेहमीच्या नूतनीकरणाच्या कितीतरी पट पैसे मोजून. त्यानंतर ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’, तेव्हा कुणाच्याच हाती काही राहत नाही. मग नाव बाजारात मोकळं होतं आणि ते टिपायला टपून बसलेले लोक असतात. हे आकडे सर्वसाधारण एक्स्टेन्शनचे आहेत. डॉट इनचे नियम निक्सी ठरवतं, तेव्हा तिथे दिवस मोजत बसण्यापेक्षा रजिस्ट्रारला त्याच दिवशी फोन लावा.

नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत सूचना पाठवायची असते. त्या सूचना खात्यावर नोंदलेल्या मेलवर जातात, आणि तो मेल बहुतेकदा डोमेन घेऊन देणाऱ्या जुन्या माणसाचा असतो. हूइज दुरुस्त करण्याइतकंच हा पत्ता बदलून घेणं महत्त्वाचं आहे, असं मी प्रत्येक ग्राहकाला आग्रहाने सांगतो.

तारखेचे आणखी दोन घोळ आहेत. वेळ यूटीसीमध्ये असते आणि आपण साडेपाच तास पुढे. रात्री दोन वाजता घेतलेलं डोमेन नोंदीत आदल्या दिवसाचं दिसतं. मुदत मोजणाऱ्या स्क्रिप्टने हे लक्षात घेतलं नाही तर एका दिवसाचा फरक पडतो, आणि शेवटच्या दिवशी तो एक दिवस महागात जातो. दुसरा घोळ पायथनवाल्यांचा. पायथन-हूइज या लायब्ररीत मुदतीच्या जागी कधी एक तारीख येते, तर कधी रजिस्ट्री आणि रजिस्ट्रार अशा दोन तारखांची यादी. स्क्रिप्ट महिनोन्‌महिने चालते आणि एखाद्या डोमेनवर अचानक कोसळते. यादी आली तर दोन्ही तारखा नोंदवा आणि सावधगिरीसाठी जवळची धरा. त्यातच ‘हूइज’ नावाचं आणखी एक पॅकेज आहे आणि तेही त्याच नावाने इम्पोर्ट होतं. दोन्ही एका मशीनवर बसली असतील तर नक्की कोणतं चालतंय हे आधी ठरवा.

नाव टाइप करताना

हूइजला पूर्ण पत्ता चालत नाही. एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मागची तिरकी रेघ, पुढची स्पेस हे सगळं काढायचं. सबडोमेनची वेगळी नोंद नसते. डॉट को डॉट इनमध्ये त्याच्या आधीचा एक शब्द धरून विचारायचं. नुसते शेवटचे दोन तुकडे कापून घेणारी स्क्रिप्ट तिथे हमखास चुकते. त्यासाठी पब्लिक सफिक्स लिस्ट (डॉट को डॉट इनसारख्या शेवटांची जाहीर यादी) वापरा.

मराठी डोमेनचा मुद्दा आपल्याशिवाय कुणी मांडणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. डॉट भारत हे देवनागरी एक्स्टेन्शन २०१४ पासून नोंदणीला खुलं आहे. प्रत्यक्षात सर्व्हरला देवनागरी अक्षरं जात नाहीत, त्यांचं लॅटिन अक्षरांतलं प्युनीकोड रूप जातं. टर्मिनलची भाषा यूटीएफ-८ वर नसेल तर हे रूपांतर बिघडतं आणि उत्तर येतं ‘नो मॅच’. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे आधी स्वतः प्युनीकोड रूप काढायचं आणि तेच विचारायचं.

त्यातही आपल्या भागाला लागू पडणारा एक खास पेच आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. जुन्या कीबोर्डवर हीच रीत होती. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण प्युनीकोड वेगळा येतो. म्हणून पत्रिकेवरून किंवा वर्ड फाइलमधून डोमेन कॉपी करून विचारलं की नोंद सापडत नाही, आणि ब्राउझरच्या पट्टीतून चालत्या साइटचा पत्ता घेतला की सापडते. ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ असलेलं कुठलंही नाव असेल तर नोंदणीच्या पावतीवरचं प्युनीकोड रूप जपून ठेवा.

मालकाचं नाव दिसत नाही

हा बिघाड नाही, त्यामुळे यावर टूल बदलत बसू नका. युरोपचा डेटा संरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच दिवसापासून आयकॅनच्या तात्पुरत्या नियमांनी व्यक्तीचं नाव, फोन, पत्ता, मेल झाकण्याची वाट मोकळी झाली. डॉट इनमध्येही ‘रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी’ दिसतं. माझ्या मते हे योग्यच झालं. त्याआधी नवं डोमेन घेतलं की दुसऱ्या दिवसापासून फोन वाजायला लागायचे.

आपल्या कामापुरतं तरीही बरंच उरतं: रजिस्ट्रारचं नाव, त्याचा तक्रारीचा मेल आणि फोन, तारखा, नेमसर्व्हर, अवस्था, आणि अनेकदा संस्थेचं नाव, राज्य, देश. डोमेन ग्राहकाचंच असेल आणि लॉगिन हरवलं असेल तर रजिस्ट्रारचं नाव कळणं पुरेसं आहे. पुढचं काम जुनी बिलं, बँकेच्या नोंदी आणि कंपनीची कागदपत्रं घेऊन रजिस्ट्रारकडे जायचं. कुणी तुमच्या ब्रँडचं नाव बळकावलं असेल तर डॉट इनसाठी निक्सीची आयएनडीआरपी ही तंटा निवारण पद्धत आहे, डॉट कॉमसारख्यांसाठी यूडीआरपी. झाकलेली माहिती हवी असण्याचं कायदेशीर कारण असेल तर आयकॅनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या आरडीआरएस या सेवेतून, त्यात सहभागी असलेल्या रजिस्ट्रारांकडे मागणी करता येते. ‘जुना मालक शोधून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

स्क्रिप्ट ठरावीक दिवशीच फसते

मर्यादेचा प्रश्न. प्रत्येक सर्व्हर एका आयपीवरून ठरावीक प्रश्नच घेतो आणि बहुतेक ठिकाणी तो आकडा जाहीर नसतो. रात्री बाराच्या ठोक्याला सगळी डोमेन एका दमात विचारणारी स्क्रिप्ट निम्म्यात अडते. मोबाइलच्या किंवा काही ब्रॉडबँडच्या जोडणीत एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, तेव्हा तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात तरी कोटा आधीच संपलेला असू शकतो.

आपल्याकडे यात मुहूर्ताचीही भर पडते. दुकानदार दसऱ्याला नाहीतर गुढीपाडव्याला साइट सुरू करतात, त्यामुळे मुदतीही त्याच आठवड्यांत दाटीवाटीने येतात. नेमकं त्याच काळात आपण जास्त वेळा तपासतो आणि नकार खातो.

मुदत आठ महिन्यांवर असेल तर महिन्यातून एकदा विचारलं तरी पुष्कळ. दोन महिन्यांच्या आत आली की आठवड्याला, शेवटच्या पंधरवड्यात रोज. प्रश्नांमध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवा. ४२९ सोबत ‘रीट्राय आफ्टर’ आलं असेल तर तेवढं थांबा. पुन्हा पुन्हा ठोठावल्याने बंदी लांबते. मागचं चांगलं उत्तर तारखेसह साठवून ठेवा आणि नवं उत्तर फसलं तर जुनं पुसू नका. तुमच्या तक्त्यात ‘नोंद नाही’, ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘नकार मिळाला’ असे तीन वेगळे शेरे असू द्या. मेल किंवा एसएमएसने इशारा जाणार असेल तर तो पहिल्या शेऱ्यावर लगेच जावा, बाकी दोन शेरे लागोपाठ काही वेळा आले तरच.

एवढं करूनही अडलं आणि कुणाची मदत घ्यायची असेल, तर स्क्रीनशॉट पाठवू नका. डोमेनचं नाव, दिलेली कमांड जशीच्या तशी, कुठल्या सर्व्हरला प्रश्न गेला ती ओळ, आलेलं कच्चं उत्तर किंवा कोड, क्लायंटची आवृत्ती, ऑफिसचं नेट की हॉटस्पॉट, आणि वेळ. आरडॅप असेल तर शेवटी ज्या पत्त्यावरून उत्तर आलं तो पत्ताही द्या.